कच्च्या तेलाचा चमचा

आमच्या ह्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही. सासऱ्यांचं नाही, सरकारचं नाही, माझं तर नाहीच. पंचाहत्तराव्या वर्षी एका माणसाचं ऐकलं, आणि तोही टीव्हीतला. पांढऱ्या कोटातला तो गुळगुळीत चेहऱ्याचा डॉक्टर म्हणाला, पेरिलाच्या बियांचं तेल न भाजता काढा, रोज उपाशीपोटी एक चमचा घ्या. हृदयाला चांगलं, सांध्यांना चांगलं, आणि मेंदू तर असा चालेल की विचारू नका. मग तो तोट्यांकडे वळला. जास्त घेतलं तर पोट बिघडतं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरला विचारा, बाटली फोडली की लवकर संपवा नाहीतर खवट होतं. हे सगळं मी ऐकलं. हे तेवढ्यात लघवीला गेले होते.

पेरिलाचं झुडूप आमच्या कोरियात, ग्वेसानच्या डोंगरउतारावर, नको म्हटलं तरी उगवतं. पानांत मांस गुंडाळून खायचं, दाणे भाजून तेल काढायचं, ते रानभाजीला लावायचं, आणि खवट झालं की त्याने लाकडी ओसरी पुसायची. त्याच्याकडे औषध म्हणून आमच्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. ह्यांनी पाहिलं, कारण ह्यांना परीक्षा द्यायची होती. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला लायसन टिकवायचं तर आधी स्मरणशक्ती तपासून घ्यावी लागते. आणि लायसन गेलं म्हणजे अंगणातला तो निळा छोटा ट्रक गेला. ट्रक म्हणजे ह्यांचा जीव. मला काही झालं तर शेजारी धावतील, ट्रकला काही झालं तर हे धावतील.

आता खरं सांगते. ह्यांनी नापास व्हावं, असं मला वाटत होतं. उन्हाळ्यात मिरच्या घेऊन बाजाराला म्हणून निघाले ते जुन्या शाळेच्या आवारात ट्रक लावून बसले. ती शाळा कधीच बंद पडली आहे. मी शोधत गेले तर म्हणाले, “जरा टेकलो होतो.” मिरच्या ट्रकमध्ये तशाच होत्या. एकदा तर वळणावर समोरून येणाऱ्या पोरीची सायकल थोडक्यात वाचली. मी सोल शहरात राहणाऱ्या मुलाला फोन केला.

“आई, तूच सांग ना बाबांना,” तो म्हणाला.

मला सांगता आलं असतं तर त्याला फोन कशाला केला असता? पन्नास वर्षं ज्याच्यापुढे ब्र काढला नाही, त्याला आता किल्ली दे म्हणू? जे मला जमत नव्हतं ते सरकार करील, या आशेवर मी होते.

बिया घेऊन आम्ही घाण्यावर गेलो. आमच्याकडे बिया टाकून घरी कुणी जात नाही. आपलंच तेल आपल्याला मिळावं म्हणून सगळे आपापल्या पोत्यासमोर डोळे वटारून बसतात. घाणेवाली बोंगनिम सगळ्यांना चहा देते आणि सगळ्यांचे संशय गिळते.

“कच्चं काढू?” ती किंचाळली. “अहो दादा, न भाजता वास कुठून येणार? त्यापेक्षा नळाचं पाणी प्या की!”

“तुला काय कळतंय? टीव्ही बघत जा जरा.”

“बघते की! गेल्या वर्षी तोच डॉक्टर काळा लसूण खा म्हणत होता.”

“तेव्हा त्याला एवढं ज्ञान नव्हतं.”

“मग तोही आता चमचा घेत असणार,” मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पोत्याकडे पाहायला लागले.

तेल नेहमीसारखं सोजू दारूच्या धुतलेल्या हिरव्या बाटल्यांत भरून मिळालं. दुसऱ्या दिवसापासून ह्यांचा चमचा सुरू झाला. नंतर समाजमंदिरात जाऊन हे व्याख्यानं द्यायला लागले, आणि बघता बघता गावातले सगळे म्हातारे तेल प्यायला लागले. कुणाची स्मरणशक्ती वाढली ते कळलं नाही, पण समाजमंदिराच्या संडासापुढे रांग लागायला लागली. घरी मी मास्तरीण झाले. आज वार कोणता, ऋतू कोणता, घड्याळाचं चित्र काढून काटे दाखवा. हे धडाधड उत्तरं देत. पाठांतर ह्यांचं शाळेतही चांगलंच होतं म्हणे. फक्त मधेच विचारायचे, “अगं, आपण जेवलो का?”

परीक्षेच्या सकाळी आम्ही तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पोचलो. बाकावर बसल्या बसल्या ह्यांनी कोटाच्या खिशातून हिरवी बाटली काढली आणि भरल्या लोकांत तोंडाला लावली.

“आजोबा!” काउंटरवरची मुलगी धावत आली. “लायसनसाठी आलात आणि इथे बसून सोजू पिताय?”

“सोजू? पोरी, औषध आहे हे!”

“सगळे असंच म्हणतात.”

“औषध असेल तर आम्हालाही एक घोट द्या,” शेजारचा म्हातारा म्हणाला. ह्यांनी मोठ्या मनाने बाटली पुढे केली. त्याने घटाघटा घेतली आणि तोंड वेडंवाकडं केलं. “अरे, हे तेल आहे! फसवतो काय! पकडा ह्याला!”

सगळं केंद्र हसलं. मुलीने बाटलीचा वास घेतला, तीही हसली, आणि बाटली काउंटरमागे ठेवून म्हणाली, “जाताना घेऊन जा, आजोबा.”

हे आत गेले. मी बाहेर हात जोडून बसले. नवरा नापास व्हावा म्हणून हात जोडणारी त्या बाकावर मी एकटीच असेन. थोड्या वेळाने दार उघडलं आणि हे पासाचा कागद नाचवत बाहेर आले. “एकही चूक नाही! बघितलंस? चमचा! चमच्याची किमया!” त्या तेल प्यायलेल्या म्हाताऱ्यालाही कागद दाखवला. मग मला म्हणाले, “जा, माझी बाटली घेऊन ये. मी ट्रक काढतो.”

काउंटरपुढे गर्दी होती. बाटली घेऊन मी बाहेर आले तर ट्रक नव्हता. मला वाटलं, वळवून आणत असतील. मी फाटकाशी उभी राहिले. मग फाटकाबाहेर उभी राहिले. पहारेकरी म्हणाला, “निळा ट्रक? तो केव्हाच गेला, आजी. गाणं म्हणत गेले.”

आधी मला हसू आलं. मग बसच्या थांब्यावर बसल्यावर रडू आलं आणि थांबेना. बाटली मांडीवर घेऊन मी भर रस्त्यात रडत होते, आणि येणारेजाणारे माझ्याकडे दारुडी म्हातारी म्हणून बघत होते. मला सोडून गेले म्हणून मी रडत नव्हते. सरकारने हात झटकले होते आणि आता पाळी माझी होती, म्हणून रडत होते.

घरी पोचले तेव्हा हे अंगणात येरझाऱ्या घालत होते.

“कुठे भटकत होतीस? इथे मी पास होऊन आलोय आणि सांगायला घरात काळं कुत्रं नाही!”

मी बाटली पुढे केली. ह्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्या बाहेर जायच्या कोटाकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. इतके घाबरलेले हे मला कधी दिसले नव्हते.

“तू... तू बसनेच येते म्हणाली होतीस ना?”

“हो,” मी म्हटलं. “म्हणाले होते.”

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी ट्रकची किल्ली खिळ्यावरून काढली. ओसरी पुसायला ठेवलेल्या खवट तेलाच्या बरणीत टाकली. त्या बरणीला ह्यांनी कधी हात लावलेला नाही.

उजाडल्यावर शोधाशोध सुरू झाली. गाद्या उलटल्या, कोट झटकले, ट्रकखाली वाकून पाहिलं. शेवटी त्या रिकाम्या खिळ्यासमोर येऊन उभे राहिले.

“इथेच लावली होती मी. काल आल्या आल्या. मला चांगलं आठवतंय.”

अगदी बरोबर आठवत होतं त्यांना.

“नाही हो,” मी म्हटलं. “विसरलात तुम्ही.”

ह्यांनी खिळ्याला बोट लावून पाहिलं. मग जेवणाच्या पाटाशी येऊन बसले आणि चमचा माझ्यापुढे धरला.

“आजपासून दोन दे,” म्हणाले.