अठरा आणि एकोणीस

मुलं पाठीमागे मला आम्लराज म्हणतात. सोनंसुद्धा विरघळवणारं आम्लांचं मिश्रण. मीच शिकवलं आणि त्यांनी ते माझ्याच जिभेला चिकटवलं. मला त्याचा कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याच व्हायच्या. माझ्यासमोर चुकीचं उत्तर देऊन कोणी सुखाने खाली बसलेलं नाही, ही माझी फुशारकी होती.

प्रयोगशाळेबाहेरच्या लांब भिंतीवर आवर्तसारणी रंगवायची, ही कल्पनाही माझीच. सगळी नाही, पहिली वीस मूलद्रव्यं, हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत. प्रत्येकाला हातभर चौकोन. त्यात चिन्ह, नाव, वरच्या कोपऱ्यात अणुअंक आणि तळाशी अणुवस्तुमान. आमच्या मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, काम एका पेंटरला दिलं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. त्याची मुलगी माझ्याच नववीच्या वर्गात, पहिल्या बाकावर बसायची. ही भिंत चांगली झाली तर जिन्याच्या आणि वरच्या मजल्याच्या भिंतीही त्यालाच द्यायच्या, असं ठरलं होतं.

पेंटरची एक पद्धत होती. पूर्वी कधीतरी एका गिऱ्हाइकाने तोंडी बदल सांगितला, मग कानावर हात ठेवले, आणि अख्खी पाटी याला पुन्हा रंगवावी लागली. तेव्हापासून कुठलाही बदल तो कागदावर लिहून, सहीनिशी घ्यायचा.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शिक्षकांच्या खोलीच्या दारात आला. हातात मी दिलेला छापील तक्ता, बोटं निळी.

"सर, एक विचारायचं होतं. खालचा आकडा प्रत्येक चौकोनात वाढत जातो. फक्त इथेच मागे येतोय. अरगॉन ३९.९, आणि पुढचं पोटॅशिअम ३९.१. बरोबर आहे ना हे?"

बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला हे विचारलेलं नव्हतं. उत्तर मला येत होतं, हीच तर लाजेची गोष्ट आहे. मूलद्रव्यांची रांग वजनाने लागत नाही, अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येने लागते. अरगॉनचे प्रोटॉन अठरा, पोटॅशिअमचे एकोणीस. अरगॉनच्या अणूंत न्यूट्रॉन जास्त, म्हणून वजन जरा जास्त. दरवर्षी हे मी दोन वाक्यांत सांगून पुढे जातो. पण समोर चहा होता, शेजारी गणिताचे सर कान टवकारून बसले होते, आणि पाट्या रंगवणारा माणूस मला रसायनशास्त्रात अडवत होता. विचार करायला दोन क्षण घेतले असते तरी ते मला कमीपणाचे वाटले असते.

"छपाईची चूक," मी कप खाली न ठेवताच म्हणालो. "दोन्ही मूलद्रव्यांच्या जागा उलट करा."

"आणि वरचे आकडे? अठरा, एकोणीस?"

"ते नुसते रांगेतले नंबर. ते राहू द्या जागच्या जागी."

त्याने तक्ता पुढे केला. मी लाल शाईने दोन बाण काढले, 'अदलाबदल करणे' असं लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

त्याच दिवशी शेवटच्या तासाला, 'अणुअंक म्हणजे मूलद्रव्याची ओळख' हे फळ्यावर लिहिताना माझा हात थांबला. तास संपल्यावर मी जवळजवळ धावतच भिंतीपाशी गेलो. रंग अजून ओला होता. पाण्यात टाकलं की पेट घेणारं पोटॅशिअम त्या राजवायूंच्या उभ्या रांगेत जाऊन बसलं होतं, जे सहसा कोणाशी संयोगच करत नाहीत. शिडीवरून पेंटरने विचारलं, "बघा सर, बरं झालंय ना?"

एक फडकं आणि एक वाक्य, एवढंच काम होतं. मी म्हणालो, "छान."

दोन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. मी त्या भिंतीवरून जाताना दुसरीकडे बघत जायचो. मग एके दिवशी मोठ्या बाई दुसऱ्या शाळेतल्या पाहुण्यांना भिंत दाखवायला घेऊन आल्या. माझा वर्ग तिथे उभा होता. बाई कौतुकाने म्हणाल्या, "विचारा मुलांनो, काहीही विचारा सरांना."

पेंटरच्या मुलीने हात वर केला. "सर, पुस्तकात अरगॉन आधी आहे आणि पोटॅशिअम नंतर. भिंतीवर उलट का आहे?"

तिच्या आवाजात खोच नव्हती. सरांच्या भिंतीवर आहे म्हणजे त्यामागे काहीतरी कारण असणार, असाच तिचा भाव होता. पाहुणे भिंतीच्या जवळ गेले. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"पेंटरची चूक," मी म्हणालो. इथे थांबलो असतो तरी पुरे होतं. पण जिभेला सवय. "पाट्या रंगवणारी माणसं. समजून थोडीच काढतात? बघून काढतात, तेही धड नाही."

मुलं हसली. ती कोणाची मुलगी आहे ते त्यांना माहीत होतं, म्हणून जास्तच हसली. तिने हात खाली घेतला आणि मान खाली घातली. मी पुढच्या मूलद्रव्याकडे वळलो.

बाईंनी त्याच आठवड्यात बाकीच्या भिंतींसाठी छापील फलक मागवले. पेंटरला निरोप गेला की आपली चूक दुरुस्त करून जा. रविवारी तो आला. मीही गेलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो आणि फाटकातच विसरलो.

त्याने दोन्ही चौकोन घासून पुन्हा रंगवले. मी मागे उभा आहे हे कळूनही वळला नाही. हात पुसून झाल्यावर पिशवीतून गुंडाळलेला तक्ता काढून माझ्या हातात दिला.

"तुमचा तक्ता, सर."

मी उलगडला. लाल बाण, माझं अक्षर, माझी सही. शेजारी समासात पेन्सिलीने, सावकाश काढलेल्या अक्षरांत त्याचा प्रश्न: 'इथे आकडा कमी होतो. बरोबर आहे का? सरांना विचारणे.'

"हा बाईंना का नाही दाखवलात?" मी विचारलं.

"पोरगी अजून दीड वर्ष तुमच्या हाताखाली आहे." तो ब्रश डब्यात भरत होता. "तिला मी सांगितलंय, माझ्याच हातून चुकलं. तिने सरांवर संशय घेतला तर शिकणार कुणाकडून?"

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. बोलत नाही सध्या. डबा द्यायला येऊ नका म्हणाली शाळेत." त्याने झाकण दाबून बसवलं. "होईल ठीक."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी सोमवारी सकाळी आधी बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता फलक छापायला गेले, सर. आणि एवढं काय मनाला लावून घेताय?" मग वर्गात गेलो. तक्ता फळ्यावर लावला आणि सांगितलं. भिंतीवरची चूक माझी होती. ज्यांना मी अडाणी ठरवलं त्यांनी मला आधी विचारलं होतं, आणि त्यांचा प्रश्न बावीस वर्षांत मला आलेला सगळ्यात चांगला प्रश्न होता. मग मी तुमच्यासमोर खोटं बोललो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पहिल्या बाकावरून ती उठली, फळ्याजवळ आली. लाल अक्षरांकडे तिने पाहिलंही नाही. समासातली पेन्सिलीची ओळ दोनदा वाचली.

"हे बाबांचं अक्षर आहे," ती म्हणाली.

"हो."

"सर, मी आत्ता घरी जाऊ?"

तास संपायला वीस मिनिटं होती. पाणी प्यायलासुद्धा मी कधी कुणाला सोडलं नव्हतं. "जा," मी म्हणालो. तिने तक्ता फळ्यावरून काढून घेतला, मला न विचारता. ती फाटकाकडे पळत गेलेली खिडकीतून दिसली.

दप्तर बाकावरच राहिलं. शाळा सुटल्यावर पेंटर ते न्यायला आला, थेट वर्गाच्या दारापर्यंत. "विसरली बघा, सर," म्हणाला. मी दप्तर त्याच्या हातात दिलं. त्याच्या निळ्या बोटांकडेच बघत राहिलो. मान वर करून तोंड बघायचा धीर मला झाला नाही.