साच्यातली लाल रेघ

शैलजाने रॉकेलमध्ये भिजवलेला बोळा साच्याच्या आतल्या कोपऱ्यात पुन्हा एकदा दाबून फिरवला. काल दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा कुणीतरी तेलात कालवलेलं कुंकू हात सैल सोडून माखलं होतं. बाकी सगळं निघालं. कोपऱ्यातली केसाएवढी रेघ तेवढी हटेना.

"दादा, हे पुसल्या नाही जात."

"काऊन नाही जात? घास जोरानं," तिचा मोठा भाऊ वैजनाथ म्हणाला, पण बघायला काही जवळ आला नाही.

तेव्हाच तिच्या लक्षात आलं. कुंकू वर नव्हतंच, आत शिरलं होतं. पोलादाला तडा गेला होता.

ठिबकच्या नळ्यांचे जोड पाडणारा हा साचा वैजनाथने स्वतः घडवला होता. खामगावच्या त्यांच्या शेडमध्ये येईल त्याला तो कौतुकाने दाखवायचा. झिजू नये म्हणून पोलाद तापवून त्याला पाणीही त्याने अंमळ जास्तच दिलं. नंतर पुन्हा मंद तापवून त्याचा ताठा उतरवायचा असतो. तेवढा धीर काही त्याला निघाला नाही. साचा कडक झाला, सोशीक झाला नाही. घडवणारा तरी कुठे होता!

शैलजाने तड्याच्या टोकाशी सुईने खूण केली.

"दादा, तडा गेला याले. दुपारलोक पाहू. इथंच राह्यला तर मी काही बोलत नाही."

मशीन चालवणारा गोविंदा स्टुलावर बसला. काम भराभर व्हावं म्हणून पुढची संरक्षक जाळी कधीचीच दोरीने वर बांधून ठेवलेली होती. दर खेपेला वितळलेलं प्लास्टिक जोराने साच्यात घुसे आणि शैलजा गोविंदाकडे पाही. फुटला तर तुकडा सरळ गोविंदाच्या तोंडावर.

दुपारी मशीन थांबवून तिने तिथे पुन्हा तेल-कुंकू लावलं, पुसलं. रेघ खूण ओलांडून पुढे गेली होती.

"दादा, वाढला."

वैजनाथने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गोविंदा, जा बे, चहा पिऊन ये."

शैलजाला हायसं वाटलं. सुटलो एकदाचे! पण गोविंदा बाहेर पडताच वैजनाथ त्याच्या स्टुलावर बसला आणि त्याने साचा मिटवला.

"आता मी चालवतो. फुटला तर माह्यावर फुटन."

तिला संताप आला, रडूही आलं. तिने भिंतीजवळचं दुसरं स्टूल ओढत आणलं आणि ती त्याला खेटून बसली.

"तू काऊन बसली इथं? ऊठ."

"तू चालव ना."

वैजनाथचा हात बटणापाशी गेला आणि तिथेच थांबला.

गोविंदा चहा पिऊन परतला तेव्हा मशीन बंद होतं, आणि दोघं बहीणभाऊ साचा खाली उतरवत होते.

"हळू धर वं," वैजनाथ बहिणीला म्हणत होता. "बोट चेपन."