उभी बाटली, आडवी बाटली

२०१० साली मी नागपूरच्या एका संस्थेत नोकरी करत होते. सरलेल्या दशकातल्या महाराष्ट्रावर आम्ही सहा भागांचा माहितीपट करत होतो. दारूबंदीच्या भागात कोणाला घ्यायचं, असा प्रश्न निघाला तेव्हा मी जरा दबकतच म्हटलं, "माझी आई."

आमचं गाव तिरोडा तालुक्यात, बोदलकसा तलावाच्या अलीकडे. आई, अल्का, २००४ साली तिथली सरपंच होती. देशी दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान लागलं. कागदावर एक उभी बाटली, एक आडवी. आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. पण यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांचे शिक्के आडवीवर पडायला हवे होते.

आमचा दिग्दर्शक प्रफुल कॅमेरा घेऊन आला. आईला अंगणात बसवलं. बाबा बाजूच्या खाटेवर होते.

"अल्काताई, तुमचे मिस्टर प्यायचे का?"

"नाही. कधीच नाही."

प्रफुल गडबडला. "मग तुम्ही कशासाठी लढलात?"

"काऊन? आपल्या घरी आग लागल्यावरच पाणी आणावं का?"

प्रफुलनं मला बाजूला घेतलं. "रंजिता, घरातलं दुःख असतं तर भाग उठला असता. वडील थोडी घ्यायचे, एवढं म्हणायला सांग ना."

तो माझा साहेब होता. तरी मी म्हटलं, "माझे बाबा खाटेवर बसलेत. त्यांच्यासमोर तूच सांग तिला."

तो कॅमेऱ्याकडे परतला. कॅमेरा पुन्हा सुरू झाला आणि आई सांगू लागली.

"मतदान शाळेत होतं, अन् दिवस धानाच्या रोवण्याचे. दुपार झाली तरी शाळेत अर्ध्याही बाया नाही. मी वावरात धानाच्या बांधीबांधीनं फिरली. केशोरावच्या बांधीत चाळीस बाया रोवून राहिल्या होत्या. थो म्हणे, 'धानाचे पऱ्हे सुकतीन, बायायले सोडत नाही.' मंग आमची म्हातारी देवकाबाई उठली. हातातली पऱ्ह्याची जुडी खाली ठेवली, म्हणे, 'पऱ्हे उद्या लागतीन. बाटली आजच आडवी होते.' चाळीसही जणी चिखलाच्या पायानं शाळेत आल्या. दोनशे सात मतं पाहिजे होती, दोनशे एकतीस पडली."

एवढं बोलून तिनं त्या बायांची नावं घ्यायला सुरुवात केली. एकही विसरली नाही. मी खाली मान घालून लिहीत होते, कारण डोळे भरून आले होते.

एका रविवारी सकाळी तो भाग टीव्हीवर लागला. आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आगीचं वाक्य प्रफुलनं जसंच्या तसं ठेवलं होतं. ते ऐकून बाबांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. नावं मात्र निम्मीच आली.

"माहं नाव आलं का वो?" देवकाबाईला नीट ऐकू येत नव्हतं.

"तुह्यं तं पहिलंच!" आई तिच्या कानाशी ओरडली.

दारातून केशोराव म्हणाला, "सगळ्या माह्याच बांधीतल्या बाया होत्या, बरं!" त्यावर असा हशा उठला की तोही हसायला लागला.

आमचं गाव संपून पडद्यावर दुसऱ्या जिल्ह्यातलं, असंच मतदान झालेलं गाव आलं. कोणीतरी टीव्ही बंद करायला उठलं, तशी आई म्हणाली, "राहू दे. त्या बायायचं काय झालं, थे पाहू दे."