ऑरिनचं पहिलं उतरणं

ऑरिन हॅल्व्हरसनला विमानाची भीती वाटते, हे त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. सांगणार तरी कोणत्या तोंडाने? विस्कॉन्सिनमधल्या त्या एवढ्याशा गावात, माजी सैनिकांच्या क्लबात, दर शुक्रवारी तळलेल्या माशावर ताव मारता मारता हाच माणूस छाती फुगवून सांगायचा, "आम्ही पॅराशूटवाले! आम्ही आभाळातून पडलो, तेव्हा कुठे जर्मनांची पळापळ झाली."

समोर बसलेला टकला कॅझ व्होइतास बियरचा घोट घेऊन म्हणायचा, "पडलात खरे. एक इथे, एक तिथे, अन् एक तळ्यात. तुम्हाला गोळा करता करता आमचा जीव गेला."

"तू गप रे. तू ग्लायडरवाला!"

दोघं एकाच डिव्हिजनचे, पण त्या डिव्हिजनीत दोन जाती होत्या. पॅराशूटवाले उड्या मारायचे. ग्लायडरवाले लाकूड-कापडाच्या बिनइंजिनाच्या विमानात कोंबले जायचे. मोठं विमान त्यांना दोराने ओढून न्यायचं, शत्रूच्या मुलखावर सोडून द्यायचं, आणि मग खाली शेत येवो की झाड येवो, आपलं नशीब! मरायला दोघंही सारखेच, पण जोखमीचा भत्ता आणि उंच चकचकीत बूट लढाई निम्मी सरेपर्यंत फक्त उडीवाल्यांना. कॅझने एकदा हौसेने तसले बूट घातले, तर चार पॅराशूटवाल्यांनी इंग्लंडातल्या भर बाजारात त्याला धरून ते काढून घेतले. त्या चौघांत ऑरिन होता. दुसऱ्या दिवशी कॅझने त्याचा दात पाडला, आणि तिथून जी दोस्ती जमली ती जमलीच. फ्रान्स झालं, हॉलंड झालं, बेल्जियमच्या बर्फात दोघांनी एका खड्ड्यात एक घोंगडी वाटून घेतली, बर्लिनमध्ये पहारे दिले, न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मिरवत संचलन केलं. मग सरकारने ग्लायडर मोडीत काढले. ऑरिनला चिडवायला आयतंच कोलीत मिळालं.

"तुमची जातच बुडाली लेका!" वीस वर्षं हे एकच पालुपद.

तर भीतीचं सांगत होतो. ऑरिन वीस-बावीस वेळा विमानात चढला होता, पण विमानातून उतरला असा एकदाही नव्हता. जायचा विमानाने, यायचा छत्रीने. लढाईहून परतला तो बोटीने. विमान आपल्याला पोटात घेऊन जमिनीला टेकतं म्हणजे काय होतं, हे त्या शूर गड्याला माहीतच नव्हतं. त्यात त्याचा जुना सार्जंट म्हणायचा, "पोरांनो, विमान वर नेणं माणसाच्या हातात, खाली आणणं देवाच्या. म्हणून आपण आधीच उतरून घेतो." थट्टाच ती, पण ऑरिनने ती काळजावर कोरून ठेवली.

आणि अशात ओरिनाचं बोलावणं आलं.

ही ओरिना म्हणजे हॉलंडमधल्या एका खेड्यातली पोर. चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात ऑरिन उडी मारून जो पडला, तो गेरिट नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याची कौलं फोडून थेट गवतात. बाहेर गोळ्या सुटत होत्या, आत तळघरात गेरिटची बायको डिना कळा देत होती. ऑरिनने गाईंची बाळंतपणं केलेली. अस्तन्या सारून त्याने पाणी तापवलं, हात धुतले आणि पोर अलगद हातात घेतली. त्यांनी तिचं नाव त्याच्या नावावरून ठेवलं. आता ती लग्नाला उभी होती आणि गेरिट गेल्याला दोन वर्षं झाली होती. तिने कळवलं होतं, "बाबांच्या जागी तुम्ही माझा हात धरून मला चर्चमध्ये न्या. तुम्ही नाही आलात तर मी एकटी चालेन. दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही."

ऑरिन वाचता वाचता रडला. मग म्हणाला, "बोटीने जातो."

"बोटीने?" त्याची बायको व्हर्ना कडाडली. "पोहोचेस्तोवर तिच्या पोराचं बारसं निघेल! मेमध्ये पेरणी, गाई व्यायला टेकलेल्या. विमानाने जा नि चार दिवसांत परत ये. मी गोठा सांभाळते, तू कॅझला ने. आभाळातून पडणाऱ्या माणसाला विमानाचं काय एवढं?"

 आपणच वाजवलेला डंका आपल्याच कानठळ्या बसवतो, तो असा.

न्यूयॉर्कपर्यंत त्याने रेल्वेचा हट्ट धरला, "देश बघत जाऊ" म्हणाला. पुढे समुद्र होता, इलाज नव्हता. विमान उडालं तेव्हा गडी खुशीत होता. चढणं त्याच्या सवयीचं. जेवला, दोन पेले ब्रँडी रिचवली, शेजारच्या म्हाताऱ्या बाईला लढाईचे किस्से ऐकवले. सकाळी खाली हिरवी शेतं आणि कालवे दिसायला लागले. विमान कलंडलं, आणि समोर टिंग करून लाल दिवा लागला.

झालं! लाल दिवा लागला की पॅराशूटवाल्याने काय करायचं? उठायचं आणि छत्रीची दोरी वरच्या तारेला अडकवायची. ऑरिन ताडकन उठला. उजवा हात वर गेला आणि वरच्या फळीवरच्या एका बाईच्या टोपीला जाऊन भिडला.

"साहेब, खाली बसा! पट्टा बांधा!" विमानातली मुलगी धावत आली.

"बस लेका," कॅझने त्याचा कोट ओढला. "इथे दार उघडत नसतं कुणी."

ऑरिन बसला. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. "कॅझ, मी कधी उतरलोच नाही रे."

"कशातून?"

"विमानातून. ते जमिनीला टेकेपर्यंत मी कधी आत राहिलोच नाही."

कॅझ असा हसला की डोळ्यांतून पाणी आलं. वीस वर्षांची उधारी एका घासात वसूल! पण ऑरिन दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसलेला दिसला, आणि कॅझचं हसू जागीच विरलं.

"हात दे इकडे," तो म्हणाला. "दोनदा उतरलोय मी. एकदा पंख सफरचंदाच्या झाडात राहिला, एकदा शेपूट डबक्यात. दोन्हीदा चालत बाहेर आलो. याला तर चाकं आहेत, इंजिन आहे, चालवणारा शुद्धीवर आहे. आणखी काय पाहिजे राजा तुला?"

ऑरिनने डोळे मिटले आणि तो हात असा आवळला की कॅझची बोटं निळी पडली. धक्का बसला, मग खडखडाट झाला, मग सगळं शांत.

"आता आदळणार का?" ऑरिनने विचारलं.

"अरे, लोक सामान काढतायत!"

दुसऱ्या दिवशी चर्चच्या दाराशी ओरिना ऑरिनचा हात धरून उभी होती. आत ऑर्गन सुरू झाला, सगळं गाव वळून बघायला लागलं, आणि पोरीचे पायच हलेनात.

"मला भीती वाटतेय," ती तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "तुम्हाला नसेल कळायचं. तुम्ही तर आभाळातून उडी मारलीत."

ऑरिनने तिच्याकडे पाहिलं. जन्मभर झाकलेलं त्याच्या तोंडून सहज निघून गेलं. "कळतं ना. काल तर मी इतका भ्यालो पोरी, की विमान थांबल्यावरही डोळे उघडेनात."

"मग काय केलंत?"

"काय करणार? त्याचा हात धरला." ऑरिनने शेवटच्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथे कॅझ आपली सुजलेली बोटं चोळत बसला होता. "तो आमच्या डिव्हिजनचा. उतरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही."

ओरिना फिस्सकन हसली. मग तिने भर चर्चमध्ये आपला मोकळा हात कॅझकडे लांब केला.

"तुम्हीपण या."

कॅझ गोंधळून उठला आणि कोट सारखा करत आला. पोरीच्या एका हाताला पॅराशूटवाला, दुसऱ्या हाताला ग्लायडरवाला, आणि तिघांपैकी सगळ्यात मोठ्याने रडत होता तो कॅझ.