अत्तरवाल्याची पायरी

वऱ्हाड नागपूरच्या सरकारात होतं, तेव्हाच्या दर्यापूरच्या पेठेची ही गोष्ट. तेव्हा पेठ म्हणजे पेठ होती! दोन्ही अंगांनी सागवानी खांबांची दुकानं, वर नक्षीचे सज्जे, सज्जांवर वाळत घातलेली लुगडी. इकडं तांबटाची ठकठक, तिकडं कासाराच्या बांगड्या, अन् मधोमध अब्दुल सत्तारचं अत्तराचं दुकान. डोळे मिटून चाललं तरी आपण कुठवर आलो ते नाकाला कळायचं. आता काय, सगळीकडं सिमेंट.

त्या दुकानाच्या काळ्या दगडी पायरीवर पार्बताबाई माळीण बावीस वर्षं फुलं घेऊन बसली. भाडं काय, तर रोजची पहिली माळ दुकानाच्या कडीला लावायची. दुपारी जेवायला जाताना सत्तारमियाँ ती बायकोसाठी, बिस्मिल्लाबीसाठी, घरी नेत. बिस्मिल्लाबी पडद्यातली, पेठेत तिचं पाऊल कधी पडलं नाही. दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. पण माळ सैल असली की दुसऱ्या दिवशी मियाँकडून निरोप आलाच म्हणून समजा. भारी चोखंदळ बया, असं पुटपुटत पार्बताबाई गाठ आणखी आवळायची.

सत्तारमियाँ गेले, दुकानाला कुलूप लागलं. तरी पार्बताबाई रोज सुकलेली माळ काढायची अन् ताजी लावायची. कुणासाठी, ते तिलाच ठाऊक. पाच महिन्यांनी कळलं, बिस्मिल्लाबीनं दुकान ओमप्रकाश कापडवाल्याला विकलं. तो पायरी उखडून सिमेंटचा ओटा बांधणार, अशी पेठभर बोलवा उठली.

झालं! पार्बताबाईचं डोकं फिरलं. बावीस वर्षं माळ घरात गेली अन् साधं विचारलंही नाही? गिऱ्हाईक येतं ते पायरी पाहून. जागा गेली की धंदा गेला, अन् या वयात नवी जागा कोण देतं? तिनं कडीला माळ लावणं बंद केलं. तोंड मात्र बंद केलं नाही. नाव मोठं, लक्षण खोटं, असं ती महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिली.

ताबा द्यायच्या दिवशी दुकानापुढं बैलांची रेंगी थांबली. बुरख्यातली एक म्हातारी काठी टेकत उतरली, उघड्या दाराशी जाऊन तिनं आतला वास छातीभर घेतला. मग पायरीपाशी येऊन टोपलीतली एक माळ उचलली अन् बोटांनी तिची गाठ चाचपली.

"तूच का वो पारबताबाई? गाठीवून वळखलं तुले."

पार्बताबाईनं डोक्यावरचा पदर सावरला.

"दुकान इकलं," बिस्मिल्लाबी म्हणाली. "पायरी नाई इकली. तुही जागा हाय ते."

मागं उभ्या ओमप्रकाशनं मान डोलावली. कागदावर तिनं तसंच लिहून घेतलं होतं म्हणे: पायरी हलवायची नाही, बसणारीला उठवायचं नाही.

पार्बताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिला महिनाभर नावं ठेवली, ती ही! तिनं घाईघाईनं मोगऱ्याची सगळ्यात चांगली माळ पुढं केली. बिस्मिल्लाबीनं ती हुंगली अन् परत दिली.

"आता कोनासाठी माळू? कडीले लाव."

पार्बताबाई उठली. पण माळ बांधताना डोळे भरलेले, गाठ सैलच राहिली. बिस्मिल्लाबीनं काठी भिंतीला टेकवली, पुढं झाली अन् ती गाठ स्वतः आवळली.