हा वाद ऐकायचा कुणी?

कालव्यावरचं आमचं वीजकेंद्र म्हणजे दोन टर्बाइन, एक पत्र्याची शेड, मी आणि माझा धाकटा भाऊ. तयार होईल ती वीज वीजकंपनीला द्यायची, असा वीस वर्षांचा करार. पण त्या वर्षी कंपनीच्या नियंत्रण कक्षातून सारखे फोन यायला लागले, "लाइनवर जागा नाही, संच बंद करा." वर्षात त्रेचाळीस वेळा. आमच्या वरच्या अंगाला कंपनीच्या एका माजी संचालकाच्या जावयाचं केंद्र होतं. ते एकदाही थांबलं नाही.

"कालव्याबाहेरच कुठेतरी पाणी मुरतंय, ताई," भाऊ म्हणाला.

वाद झाला तर लवादाकडे जायचं, असं करारात होतं. आम्ही तसं पत्र दिलं. तिसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं : मान्य. सोबत लवादाचं नावही.

"यांचा खांब वाकला तर तीन महिने कुणी फिरकत नाही," भाऊ म्हणाला. "आणि भांडायला तीन दिवसांत तयार?"

लवाद म्हणजे एक निवृत्त मुख्य अभियंता. पहिल्याच बैठकीत कंपनीच्या वकिलानं त्यांना विचारलं, "गुडघा कसा आहे, साहेब?" माझ्या मनात पाल चुकचुकली.

घरी येऊन मी वीज कायदा वाचायला घेतला. निम्मं डोक्यावरून गेलं, पण एका कलमाशी थबकले. वीज बनवणारा आणि वितरण कंपनी यांच्यातला वाद नियामक आयोगानं सोडवायचा, नाहीतर आयोगानंच लवाद नेमायचा. आमचा लवाद तर कंपनीनं नेमलेला. मी आमच्या वकिलाला फोन केला.

"ते कशाला उकरून काढता, ताई? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल," तो म्हणाला.

मग मला त्याचाही संशय यायला लागला. पुढच्या बैठकीत त्याच्या आधी मीच उभी राहिले.

"साहेब, राग मानू नका. पण आमचा वाद ऐकायचा अधिकार तुम्हाला आहे का?"

ते चिडले नाहीत. चष्मा पुसत त्यांनी कंपनीच्या वकिलाला म्हणणं विचारलं. वकील म्हणाला, "कायदा बघावा लागेल." "मग आत्ताच बघू या," म्हणत साहेबांनी हात पुढे करून त्याची फाइलच मागून घेतली. तळाशी एक टाइप केलेला अर्ज होता : लवादाला अधिकारच नव्हता, सबब निकाल रद्द करावा. तारखेची जागा तेवढी कोरी.

"म्हणजे मी तुमच्या बाजूनं निकाल दिला तर ठीक, यांच्या बाजूनं दिला तर हा अर्ज," साहेब म्हणाले. साहेबांनी तिथल्या तिथे कामकाज थांबवलं आणि तो अर्ज जसाच्या तसा नोंदीला जोडला.

आम्ही आयोगाकडे गेलो. आयोगानं नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागवल्या आणि सात महिन्यांनी आदेश दिला : लाइनवर जागा कमी पडली तर दोन्ही केंद्रं आळीपाळीनं थांबवायची. गेल्या महिन्यात वरचं केंद्र दोनदा थांबलं.

साहेबांवर मी उगाच संशय घेतला होता. एकदा जाऊन माफी मागावी असं फार वाटलं, पण धीर झाला नाही. आमचा वकील मात्र आम्ही तोच ठेवलाय. तो खरंच वेळ वाचवायला बघत होता की आणखी काही, ते मला अजून कळलेलं नाही.