रॅकमधली शक्ती

सर्व्हर रूमसमोर कर्मचाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची रांग लागली होती. धूळ जाऊ नये म्हणून चपला दाराबाहेर काढायचा कंपनीचा जुना नियम भक्तांच्या छान पथ्यावर पडला होता. एकेक जण अनवाणी आत जाई, लोखंडी रॅकला बोट लावी आणि झिणझिण्या आल्या की डोळे मिटून घेई.

"शक्ती!" कंपनीच्या साहेबांनी आणलेले बाबा गरजत. "रुसली होती, रोज सर्व्हर बंद पाडत होती. मी एकांतात तिची समजूत काढली. आता तुमची दुखणी पळवेल!"

बाबांच्या पायांत मात्र जाड रबरी सपाता होत्या. सिद्धपुरुषाला नियम कसला? नव्या रॅकना वेगळ्या लाइन टाका, म्हणून विजेचं काम बघणारी इंजिनीअर साहेबांच्या कानीकपाळी ओरडून थकली होती. साहेबांना बाबा स्वस्तात पडले.

आज ती दाराशी आली. रांगेत सर्वांत पुढे तिची आई होती, हात ओले करून. हृदयाच्या गोळ्या सोडून आली होती.

"आई, हात लावू नकोस!"

"अगं, जुन्या दुखण्याला ओला हात लागतो. बाबाच म्हणाले."

इंजिनीअरने रॅकला टेस्टर टेकवला. दिवा लागला. मागे वाकून पाहिलं, तर अर्थिंगची हिरवी-पिवळी वायर सोडवून, टेप गुंडाळून केबलींत कोंबलेली! संतापून तिने मेन स्विच खाली ओढला. सर्व्हरचे पंखे थांबले.

"नोकरीवर पाणी सोडलंत तुम्ही!" साहेब ओरडले.

"सोडलं. आईवर नाही सोडणार." ती भक्तांकडे वळली. "आता लावा बोट. येतात झिणझिण्या?"

कुणालाच आल्या नाहीत.

"अश्रद्धेमुळे शक्ती निघून गेली!" बाबा म्हणाले.

"मग बोलावते परत." सगळ्यांना रॅकपासून मागे सारून तिने स्विच वर केला. टेस्टर पुन्हा पेटला. "आली! बाबा, सपाता काढा, हात भिजवा आणि पहिला मान तुम्ही घ्या."

त्यांनी हात पुढे केला असता, तर तिनेच अडवला असता. पण बाबा दोन पावलं मागे सरले. रांगेत कुजबुज सुरू झाली.

स्विच पुन्हा बंद करून ती म्हणाली, "प्रत्येक सर्व्हरमधून थोडी वीज पत्र्यावर झिरपते. अर्थिंग तिला जमिनीत नेतं. साहेबांनी सगळे रॅक एकाच लाइनवर चढवले. झिरपणारी वीज वाढली, म्हणून वीज तोडणारा ब्रेकर पडायचा आणि सर्व्हर बंद व्हायचे. ब्रेकर धोक्याची सूचना देत होता. या बाबांनी एकांतात अर्थिंगच तोडलं. विजेला वाट उरली नाही, ब्रेकर गप्प बसला. आता तिची वाट म्हणजे तुम्ही! कोरड्या बोटाला झिणझिण्या येतात. ओल्या हाताने जीव जाऊ शकतो."

तिने वायर घट्ट बसवली, निम्मे रॅक बंद ठेवले आणि वीज सुरू केली. टेस्टर पेटला नाही. आधी तिने स्वतः हात लावला, मग आईने हात पुसून बोट टेकवलं.

"काहीच होत नाही गं."

"काहीच न होणं, हेच चांगलं काम असतं, आई!"

बाबा केव्हाच सटकले होते. इंजिनीअर रांगेला म्हणाली, "आता साहेबांच्या दाराशी उभे राहा. वेगळ्या लाइन मागा. आणि यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी मागे वाकून बघा. का, कसं, हे विचारा. विचारल्याने ज्याची शक्ती पळते, त्याला भ्यायचं कशाला?"

आईने पदर खोचला आणि साहेबांच्या दाराकडे सगळ्यांत आधी तीच निघाली.